तेल आमचं, हात फादरचे

बाबांच्या पायाचं बोट काळं पडलं होतं आणि बाबा सही करत नव्हते. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, आज बोट काढलं नाही तर उद्या पाय काढावा लागेल. पण बाबा पडले गिरणीतले जुने कामगार, वर मालवणी. मी फॉर्म पुढे केला की तोंड भिंतीकडे. दोन दिवसांत माझं डोकं पार आऊट झालं होतं.

हॉस्पिटल मालाडचं, सिस्टर लोकांनी चालवलेलं. शेजारच्या खाटेवर गावठाणातले एक ख्रिस्ती आजोबा होते, दम्याने बेजार. दुपारी फादर आले, गळ्यात पांढरा पट्टा, हातात अंगठ्याएवढी डबी. त्यांनी आजोबांच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावून प्रार्थना केली. आमच्या चाळीत सगळ्यांना पक्कं ठाऊक, फादर तेल घेऊन आले की माणूस संध्याकाळपर्यंत गेला. बाबांनी चादर नाकापर्यंत ओढली. मीही शहाणी, मधला पडदा लावायला धावले.

तेवढ्यात फादर विचारपूस करायला आमच्याच खाटेकडे वळले. चादरीतून बाबांचा आवाज आला, "माझो नंबर अजून इलो नाय."

आजोबा खोकला येईपर्यंत हसले. मग पडदा सारून त्यांनी समजावलं, हे तेल मरणाऱ्याचं नाही हो, आजाऱ्याचं, अंगात बळ यावं म्हणून. त्यांची स्वतःची ही तिसरी खेप होती. एवढं सांगून त्यांनी सिस्टरकडे जेवायला बोंबील मागितले आणि ती नाही म्हणाली म्हणून रुसून बसले.

बाबांची चादर हळूहळू खाली आली. ते फादरना म्हणाले, मग मलाही लावा. फादर खुर्ची ओढून बसले. हे तेल म्हणजे आमच्या लोकांचा संस्कार आहे, तो तुम्हाला देता येत नाही, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. मला असा राग आला! बोटभर तेलाने काय देव गरीब होणार होता? पण बाबा कसले ऐकतायत. त्यांनी उशाशी ठेवलेली आमची खोबरेलाची बाटली पुढे केली.

"तेल आमचा घेवा. हात तुमचो."

फादरनी बाटली घेतली, चादर वर केली आणि बाबांच्या धडक्या पायाला तेल चोळायला लागले. फादरनी पायाला हात लावला म्हणून बाबा संकोचून पाय मागे घेत होते. फादरनी सोडला नाही. म्हणाले, "देवा, ह्या पायाला एकटं पाडू नकोस."

बाबांचे डोळे भरून आले. ते लपवायला माझ्यावरच खेकसले, पेन कुठाय म्हणून. दोन दिवस हातात धरलेलं पेन नेमकं तेव्हा मला सापडेना. शेवटी फादरनी खिशातलं दिलं. त्यांच्या तेलकट बोटांचा डाग फॉर्मवर पडला आणि त्या डागावरच बाबांनी सही ठोकली. मी तिथेच उभी राहून रडले.

पाय वाचला. बाबा आता नऊ बोटांवर अख्खा बाजार पालथा घालतात. परवा आजोबांच्या मुलीचा फोन आला, आजोबांना चौथ्यांदा तेल लावलंय. बाजाराची पिशवी उचलत बाबांनी एवढंच विचारलं, "बोंबील किती हाडू?"