टेस्ट पेजवरची नखाची खूण

इथं मी फक्त वाचते, कधी कमेंटसुद्धा करत नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आता आहे असंही म्हणवत नाही... पण घरात हे सांगता येत नाही, म्हणून इथं लिहितेय.

धाराशिवला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं प्रिंटिंगचं छोटं दुकान होतं. घर बेंबळीला. पप्पांकडे एक जुना सॉलिड इंक प्रिंटर होता – त्यात शाईऐवजी रंगीत मेणाच्या वड्या टाकतात. मेण आत वितळतं आणि हेडच्या बारीक भोकांतून कागदावर उडतं. म्हणून मशीन कायम गरम ठेवायचं. गार पडलं की मेण भोकांतच गोठतं.

रोज दुकान उघडलं की पप्पा एक टेस्ट पेज काढायचे आणि मेण नीट बसलंय का बघायला उजव्या कोपऱ्यात अंगठ्याच्या नखानं चंद्रकोरीसारखा ओरखडा काढायचे. नखातलं मेण पँटला पुसायचे, त्यावरून आईची कटकट.

गेल्या उन्हाळ्यात ते दुकानातच कोसळले. शॉक बसला समजून शेजारच्या मोबाईलवाल्यानं आधी मेन स्विच पाडला. शॉक नव्हता, अर्धांगवायू होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आम्ही सगळे सोलापूरच्या दवाखान्यात, आणि इकडे मशीन गार.

परत येऊन मी दुकान उघडलं तर पानावर उभी रेघ. गुलाबी रंगाची काही भोकं बंद झाली होती. कुणाचा फोटो छापला की चेहऱ्यावरून हिरवट पट्टा. हेड क्लीनिंग लावलं, परत लावलं. शेजारच्या भोकांवर काम ढकलायचं सेटिंग करून पाहिलं. दर वेळी चांगलं मेण वितळून खालच्या ट्रेमध्ये काळपट वडी होऊन पडायचं. रेघ तिथंच. लातूरचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "ताई, हेड गेलं. हे मॉडेल आता निघतच नाही."

मला मशीनचं एवढं नव्हतं. संध्याकाळी टेस्ट पेज घरी नेऊन मी पप्पांसमोर धरायचे. दिवसभरात ते तेवढंच नीट बघायचे... रेघेपाशी नजर थांबायची आणि डोळे मिटायचे. मग घाससुद्धा घ्यायचे नाहीत. व्यायाम करून घेणारा मुलगा म्हणाला होता, त्यांनी स्वतः मनावर घेतलं तरच हात हलेल. रेघ गेली की ते मनावर घेतील, असं मी ठरवून टाकलं होतं.

एक दिवस काका दुकानात आले. "पोरी, किती मेण जाळतीस? सोमवारी भंगारवाला येतोय."

"पप्पांना विचारलं का?"

"काय विचारू? सांगतेत का ते?"

त्या शनिवारी भर दुपारी मी शेवटचं क्लीनिंग लावलं. दुकानात एकटीच होते. पान बाहेर आलं... रेघ नव्हती. आणि उजव्या कोपऱ्यात नखाचा ओरखडा. चंद्रकोरीसारखा.

पान ट्रेमध्येच होतं, मी हात लावला नव्हता. रोलरनं घासलं असेल म्हणून लगेच दुसरं काढलं. त्यावर ओरखडा नव्हता. रेघ होती.

संध्याकाळी पहिलं पान पप्पांसमोर धरलं. त्यांनी खूप वेळ बघितलं. डोळे मिटले नाहीत.

"बघ गं, हसल्यासारखं करतेत," आई म्हणाली.

मी त्यांचा उजवा हात हातात घेतला. नेहमीसारखाच निर्जीव. अंगठ्याच्या नखात गुलाबी काहीतरी अडकलं होतं.

"कुंकू असंल," आई म्हणाली. "सकाळी तुळजापूरचं लावलं न्हाय का मी हाताला."

मी टाचणीनं काढलं. कुंकवाची भुकटी झाली असती. हे सलग वळी होऊन निघालं, आणि बोटांत दाबल्यावर मऊ झालं. आईला दाखवलं नाही.

सोमवारी मशीन गेलं. आता त्या जागेत दुसऱ्याचं दुकान आहे. पप्पांचा हात हललेला नाही. मी अजून कधीकधी तेच पान त्यांच्यासमोर धरते. ते कोपऱ्याकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि डोळे मिटतात.

तो ओरखडा कसा आला, मला माहीत नाही. आणि तेवढं जमलं असेल त्यांना, तर चमचा उचलायला का जमत नाही... उत्तर माझ्याकडे नाही. पप्पांकडे असलं, तर ते सांगू शकत नाहीत.