तीनशे मीटरचा कागद

"पाणी शिरलं नाही असं म्हणू नये, अजून शिरलं नाही असं म्हणावं." रसेलकाकांचं हे वाक्य जान्हवीने सहा वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यांनी तोंड उघडलं की तीच आधी म्हणून टाकायची.

अंधेरीच्या त्या महागड्या घड्याळांच्या सर्व्हिस सेंटरात ती काउंटरवर बसे आणि काचेपलीकडे रसेलकाका. माणूस मनोरीचा. बाप, आजा, चुलते सगळे होडीवर गेले, हा एकटा घड्याळात रमला. त्यांच्याकडे येत ती समुद्रात खोल उतरणाऱ्यांसाठी घडवलेली घड्याळं. जाड काच, पाठीला आट्यांचं झाकण, झाकणाखाली केसाएवढी बारीक रबरी रिंग. तबकडीवर लिहिलेलं, तीनशे मीटर. आणि ती घड्याळं जायची कुठे? लग्नाच्या हॉलात.

"बेसिनवर हात धुतानासुद्धा मालक काढून ठेवतो," काका चिडून म्हणत. "मी कुणासाठी डोळे फोडतो गं?"

मग एके दिवशी सुबोध आला. डायव्हिंग शिकवणारा. त्याचं घड्याळ वीस वर्षं त्याच्याबरोबर पाण्यात होतं. काकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. त्या दिवशी ते जेवतानाही हसत होते.

पण सेंटरची रीत अशी, की आलेलं घड्याळ आधी पॉलिशला जायचं. गिऱ्हाइकाला चमक दिसते, रिंग दिसत नाही. पॉलिशवाल्याने झाकण उघडून, रिंग जिथे टेकते तो काठही घासून आरशासारखा केला होता. काठ इतका झिजला, की रिंग आता तिथे घट्ट बसेना.

घड्याळ न्यायच्या दिवशी सकाळी काकांनी आतलं यंत्र काढून रिकामी डबी पाण्याच्या दाबाखाली ठेवली. मग ती गरम केली, काचेवर गार पाण्याचा थेंब सोडला आणि पुसला. काचेच्या आतल्या अंगाला धुकं धरलं होतं. त्यांनी जान्हवीलाही बोलावून दाखवलं.

"सही करा ना, काका," मॅनेजर केयूर म्हणाला. "हवेचं मशीन पास दाखवतंय."

"ते नुसती फुंकर मारतं. नवी डबी मागव."

"दीड महिना लागेल! त्याचं उद्या अंदमानचं विमान आहे. त्याला काय सांगू, आम्ही घासून घासून वाट लावली?"

"तेच सांग."

केयूरने जान्हवीच्या हाती टेस्टचा कागद तीनदा आत पाठवला. तीनदा तो कोराच परत आला. तिसऱ्या वेळी काका म्हणाले, "तू नको गं फेऱ्या मारू. पाय दुखतील तुझे, सही काय होणार नाही."

शेवटी केयूरने दुसऱ्या कारागिराकडून घड्याळ जोडून घेतलं आणि स्वतःच सही ठोकली. संध्याकाळी सुबोध आला, तेव्हा काका उठून काउंटरवर आले.

"दादा, हे पाण्यात नेऊ नका. आत पाणी जातंय."

सुबोधने कागद पाहिला. "इथे तर पास लिहिलंय, काका."

"अहो, यांना सगळंच गळकं दिसतं," केयूर हसला. "मनोरीच्या होड्यांची सवय!"

सुबोधही हसला. चकचकीत घड्याळ त्याने वळवून वळवून पाहिलं. "झकास केलंय," म्हणत पट्टा आवळला आणि तो निघालाही. जान्हवीने धुकं डोळ्यांनी पाहिलं होतं. शब्द तिच्या जिभेवर आला होता. केयूर शेजारी उभा होता. तिने रजिस्टरात 'घड्याळ दिलं' एवढंच लिहिलं.

काकांनी पांढरा कोट काढला आणि घडी करून खुर्चीवर ठेवला.

"उद्या जरा लवकर या," केयूर फोनमध्ये बघत म्हणाला. "दोन डिलिव्हऱ्या आहेत."

"माझ्या डोळ्यांचं इथे काम नाही रे. सहीच हवी तर शिक्का बनवून घे."

दार ढकलून ते बाहेर पडले. रिक्षांच्या रांगेच्या कडेने, कुणाला वाट न मागता, सावकाश चालत गेले. केयूरने मान वर केली नाही. जान्हवी मात्र काचेशी उभी राहून, ते वळणाआड जाईपर्यंत बघत होती, आणि काउंटरवर पुढचं गिऱ्हाईक बोटं वाजवत होतं.