लाल दोऱ्याची खूण

कापड तपासण्यात भिंगकाकूंचा हात धरणारं कारखान्यात कुणी नव्हतं. उजेडाच्या टेबलावरून कापडाचा तागा सरकायचा, त्या भिंगातून बघायच्या आणि जिथे तुटका धागा किंवा डाग दिसेल तिथे काठाला लाल दोरा बांधायच्या. तेहतीस वर्षं हेच केल्यावर माणूस सरळ कसा राहील? निवृत्त झाल्यावर भिंग घरी आलं. संशय तर आधीपासूनच घरी होता.

पाच वर्षांच्या नातीच्या कोपरांत आणि गुडघ्यांमागे इसब उठला. पोर खाजवून खाजवून रक्त काढायची. हे कुणीतरी बाहेरून आणलंय, याबद्दल काकूंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, आणि शंका नसण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. आधी साबणदाणीला लाल दोरा बसला, मग दुधाच्या भांड्याला. शेजारणीच्या मांजरीवर पाळत बसली. दूध, अंडी बंद झाली, पोर वाळत चालली, इसब जागेवरच. शेवटी दोरा सुनेच्या उशीला बांधलेला सापडला.

आमच्या घराण्यात असलं काही नाही, हे त्या येता-जाता ऐकवायच्याच. सून शब्दाला शब्द वाढवणारी नव्हती. तिने दोरा तसाच राहू दिला आणि बॅग भरली. लेकीला डॉक्टरांना दाखवून तिथूनच माहेरी जायचं ठरवलं.  काकू नुसत्या सोबत गेल्या.

घरात कुणाला दमा, ॲलर्जी, सततच्या शिंका आहेत का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. काकूंनी सुनेकडे पाहिलं. आमच्याकडे कुणालाच नाही, सून म्हणाली. काकूंना ते अर्थातच खोटं वाटलं.

"आजी रोज सकाळी शिंकते," नात म्हणाली. "मी मोजते. काल अकरा झाल्या."

"ते कारखान्यातल्या कापसाच्या तुसामुळे," काकू घाईने म्हणाल्या.

"कारखाना सोडून किती वर्षं झाली?"

"चार."

"आणि लहानपणी अंगाला खाज?"

लहानपणी आई झोपताना त्यांच्या हातांना मोजे बांधायची, ते काकूंना आठवलं. कोपरं झाकायला त्या जन्मभर लांब बाह्या घालत आल्या होत्या आणि त्याला टापटीप म्हणत होत्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शिंका, खाज, इसब यांचा कल घराण्यातून येऊ शकतो, त्यात कुणाचा गुन्हा नसतो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दूध-अंडी मनानेच बंद केल्याबद्दल मात्र त्यांनी चांगलंच खडसावलं, आणि कातडी कोरडी पडू नये म्हणून साधं क्रीम दिलं.

बाहेर सुनेने बॅग उचलली. काकूंनी बाही कोपराच्या वर गुंडाळली. आतली कातडी अजून जाड आणि काळपट होती.

"हे माझ्याच ताग्यातलं आहे गं. उशीचा दोरा मी सोडते. तू घरी चल."

सुनेने त्या कोपराकडे बघितलं आणि बॅग खाली ठेवली. मग ती बाकावर बसली, तिने लेकीच्या हातापायांना क्रीम लावलं.

"आई, तुमचाही हात द्या."

काकूंनी आधी ट्यूबवरची तारीख तपासली. मग हात पुढे केला.