रांजणात बोललेला शब्द

मी जन्मलो तेव्हा इतका देखणा होतो, की सुईणीनं डोळ्यांवर पदर घेतला, असं मी सांगतो. आई सांगायची ते वेगळं. "ह्ये काय लेकरू हाय? जळकं लाकूड!" असं ती चारचौघांत ओरडायची. त्या आवाजानं आमच्या लिंबावरचे कावळे उडायचे, ते थेट माजलगावला जाऊन टेकायचे.

माझ्या आधीची भावंडं रांगायच्या आत गेली होती. आईनं त्यांचे मुके घेतले होते, 'माझं सोनं' म्हटलं होतं, आणि ते ऐकून कुणीतरी त्यांना नेलं होतं. कुणी, ते आई सांगत नसे. 'ती' एवढंच म्हणायची आणि दाराकडं बघायची. म्हणून मी बारशाच्या आधीच विकला गेलो. मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या कुंभारणीची सगळी पोरं जगली होती. तिनं मला उचललं आणि आईच्या ओटीत मूठभर कोंडा टाकला. झाला सौदा. राहायचं आईकडंच, पण मालकीण कुंभारीण. आई न्हाऊ घालायची, खाऊ घालायची, 'माझा' मात्र म्हणायची नाही. लाडानं जवळ गेलो की कोपरानं ढकलायची.

पुढं मी मनाचं शास्त्र शिकलो, आईबापांना सल्ले देऊन पोट भरलं. त्या कोपरात किती भीती भरलेली होती, ते आता कळतं. तेव्हा नुसतं कोपर कळत होतं.

मी पाच-सहा वर्षांचा असेन, तेव्हा मानमोडीच्या तापाची साथ आली. निजामाचा अंमल होता, पण साथीला कुणाचं फर्मान लागू होतंय? तलवाड्याच्या वाटेवरच्या गाड्या बंद पडल्या. आमच्या आळीत चुली पेटेनात, कुत्री भुंकेनात. आणि मला ताप चढला. केवढा? माझ्या पोटावर भाकरी भाजून निघाली असती, एवढा. आईनं हातही लावला नाही. अंगणातूनच हाक मारली, "अगं ए कुंभारणी, तुजं लेकरू घेऊन जाय. माझ्या दारात नको मरायला."

मी चौकट धरून ठेवली. आईनं माझं एकेक बोट सोडवलं आणि तोंड फिरवलं.

कुंभारणीच्या घरी मी ओठ मिटले. पेज नाही, पाणी नाही. तिचा नवरा वैतागला. "ताप तर उतरलाय. मग पीत कावून न्हाई?"

"रुसलंय ते," कुंभारीण म्हणाली. "तापातून वाचलं, आता रुसून मरंल."

ती गेली आणि आईला दंडाला धरून घेऊन आली. "म्हण त्याला, माझा हायेस. एकदा म्हण."

"म्हणलं तर ती ऐकंल."

"न्हाई म्हणलीस तर ह्ये आजच जाईल."

"तू म्हण की. तुजंच हाय."

"सकाळधरनं म्हणतेय, बये! माझ्या म्हणण्यानं त्याचे व्हट उघडंनात."

आई उंबऱ्यातून आत येईना. भर दुपार. वारा पडलेला. लिंबाचं पान हलत नव्हतं. सगळ्या आळीनं कान दिला होता, असं वाटत होतं.

कुंभारणीनं मला उचललं आणि भट्टीतून काढून निवलेल्या कोऱ्या रांजणात उतरवलं. रांजण कसला, आत अख्खं वऱ्हाड जेवून उठलं असतं! "आता घाल मुंडकं आन् बोल," ती आईला म्हणाली. "सबूद भाईर न्हाई जायचा."

आईचं डोकं आत आलं तसा उजेड गेला. मग, "माझा हायेस रं. माझा."

रांजण घुमला. ते शब्द भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा माझ्या अंगावर आले. मी पाणी मागितलं.

मला बाहेर काढल्याबरोबर कुंभारणीनं रांजणाचं तोंड ओल्या मातीनं लिंपून टाकलं. तो आमच्या घरी आला, कोपऱ्यात बसला. त्यात कधी पाणी भरलं नाही. आईनं तो शब्द पुन्हा काढला नाही. जाता-येता रांजणावर तळवा तेवढा ठेवायची. ती गेल्यावर तो माझ्याकडं आला.

आईबाप माझ्याकडं येतात तेव्हा मी ठणकावून सांगतो: पोराला तोंडानं सांगा, तू आमचा आहेस. मनात झाकलेली माया पोराला दिसत नाही.

माझी लेक लहान होती तेव्हा एकदा तिला ताप आला. भर दुपारी तिनं विचारलं, "बाबा, मी तुमचीच ना?" मी तोंड उघडलं आणि नजर दाराकडं गेली. उठलो. कडी घातली. मग म्हणालो, "माझीच." ती हसली आणि झोपली.

त्याच घटकेला कोपऱ्यातल्या रांजणाला तडा गेला, असं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारा थापा मारतोय. म्हणून नाही सांगत. तडा मात्र आहे, कधीही येऊन बघा. दार जरा जोरात ठोठावा आणि नाव सांगा. कोण आलंय हे कळल्याशिवाय मी कडी काढत नाही.