धरून ठेवलेली लाइन

वीज गेल्यावर अण्णांच्या खोलीतला पंखा पूर्ण थांबायला अठ्ठेचाळीस सेकंद लागतात. सुरुवातीला पाती वेगळी दिसत नाहीत. वीस सेकंदांनंतर ती मोजता येतात. शेवटी शेवटी एखादं पातं थांबलंच असं वाटतं, आणि मग ते अजून बोटभर पुढे सरकतं.

हे मी अण्णांच्या कॉटवर पडून मोजते आहे. रविवारची दुपार आहे. अण्णा गेले त्याला सात महिने झाले, आणि या सात महिन्यांत मी या कॉटवर टेकलेसुद्धा नव्हते. माझ्या खोलीत पश्चिमेचं ऊन येतं, इथे गारवा असतो, असं कारण मी आज स्वतःला दिलं आहे.

कॉटशेजारी त्यांचं ऑक्सिजनचं मशीन उभं आहे. बिघडू नये, तयार राहावं, म्हणून मी ते दर रविवारी दहा मिनिटं चालवते. आज सातव्या मिनिटाला वीज गेली. कोणासाठी तयार, हे मी स्वतःला विचारत नाही. तळमजल्यावरच्या कौसरभाभींवर मात्र माझ्याकडे विचारायची वेळ येते. त्यांच्या नवऱ्याने, शिकलगारचाचांनी, मिरजेत चाळीस वर्षं सतारी घडवल्या आणि आता त्यांना चार पावलं चाललं की धाप लागते. भाड्याने आणलेलं मशीन सारखं बंद पडतं. भाभी दोनदा जिना चढून आल्या, माझ्याकडचं मिळेल का म्हणाल्या. दोन्ही वेळा मी म्हटलं, बघते, सांगते.

कॉटच्या कडेला चिमट्याने एक बटण लावलेलं आहे. ते मी बनवलं होतं. ते दाबलं की पॅसेजपलीकडे माझ्या उशाशी घंटी वाजते आणि दाबल्याची आणि सोडल्याची वेळ माझ्या फोनमध्ये नोंदली जाते. घंटी वाजल्यापासून मी अण्णांजवळ पोचेपर्यंत अकरा सेकंद लागायचे. पहिल्याच दिवशी मी ते मोजून त्यांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले होते की आमच्या टेलिफोन खात्यात असतीस तर बढती मिळाली असती. घंटीला स्वतःची बॅटरी आहे. तीही मी अजून दर रविवारी चार्ज करते.

मी बटण चिमट्यातून काढून हातात घेते. गोल आहे, रुपयापेक्षा थोडं मोठं. वर पंखा आता थांबला असावा. मी बघत नाही.

खटखट ऐकू येते, आणि मी टेलिफोन एक्स्चेंजच्या मोठ्या हॉलमध्ये उभी आहे. लोखंडी रांगा छतापर्यंत गेलेल्या आहेत. तापलेल्या धुळीचा आणि तेलाचा वास येतो. कोणी नंबर फिरवला की एका रांगेत खटखट होते, मग पुढच्या रांगेत, मग त्याच्या पुढच्या. अण्णा शिडीवर पाठमोरे उभे आहेत. बाह्या दुमडलेल्या, खिशात टेस्टर. इथे त्यांनी एकतीस वर्षं काम केलं. नाकात नळी नाही.

"श्वास मोजतेस ना?" ते वळून न बघताच विचारतात.

"चौदा," मी म्हणते. "मिनिटाला."

"बरे आहेत की मग."

ते उतरतात. शिडी करकरते. मला वाटतं ते जवळ येतील, पण ते रांगेच्या कडेने चालू लागतात आणि मी मागे जाते. काय चाललंय सध्या, असं विचारतात, संध्याकाळी चहा घेताना विचारायचे तसंच. मी कामाबद्दल सांगते. आमची कंपनी हातात मावणारी यंत्रं बनवते आणि मी त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, कर्नलवर, काम करते, हे त्यांना माहीत आहे. तरी मी पहिल्यापासून सांगते, कारण सांगत राहिलं तर ते चालत राहतील.

काम नसलं की यंत्रातला एकेक भाग झोपवायचा असतो, म्हणजे बॅटरी टिकते. जितकी गाढ झोप तितकी बचत जास्त, पण तितकाच जागं व्हायला वेळ जास्त. म्हणून त्या भागावर जे जे अवलंबून आहेत त्यांना आधी विचारतात की तुम्हाला किती उशीर चालेल. कोणी सांगतं पाच हजार मायक्रोसेकंद, कोणी सांगतं पन्नास. कर्नल त्यांची यादी ठेवतो आणि सगळ्यांत अधीर जो असेल त्याचं ऐकतो. त्याला चालेल त्याहून गाढ कोणालाही झोपू देत नाही.

"म्हणजे घरात आजारी माणूस असल्यासारखं," अण्णा म्हणतात.

"हो."

आता पायांखाली ओली फरशी आहे, फिनेलचा वास आहे. रांगा त्याच आहेत, पण त्यांच्यामधून स्ट्रेचर जाईल इतकी जागा झाली आहे आणि प्रत्येक रांगेवर खाटेचा नंबर लिहिला आहे. अण्णा नंबर वाचत चालले आहेत. मी त्यांना बिघाड सांगते. आमच्या यंत्राची बॅटरी दुपारीच संपायची. यंत्र नुसतं पडून असलं तरी एक भाग गाढ झोपेत जायचाच नाही. शोधताना कळलं की यादीत एक मागणी शिल्लक आहे, पन्नास मायक्रोसेकंदांची, आणि जो भाग ती मागत होता तो केव्हाच काढून टाकलेला आहे. मागणारा गेला तरी मागणी तशीच राहिली होती.

"कोणी केला हा घोळ?"

"मी. मागणी नोंदवायची ओळ लिहिली. मागे घ्यायची लिहिली नाही."

"तुझ्या हातून असं होत नाही."

"तुमच्या कॉटशेजारी बसून लिहिलं होतं. घंटी बनवली त्याच आठवड्यात."

अण्णा पुढच्या खाटेचा नंबर वाचतात. थोडं पुढे गेल्यावर विचारतात की आता ती ओळ लिहिली का. बुधवारीच लिहिली, मी सांगते, तपासून बघितली, यंत्र दोन दिवस चाललं. मग पाठवली का नाहीस, ते विचारतात. पुण्याच्या सहकाऱ्यांनीही हेच विचारलं आहे. मी त्यांना सांगितलं की आणखी एकदा तपासते आहे.

तेवढ्यात कुठेतरी घंटा वाजू लागते. लांब, न थांबता. मी धावायला वळते.

"थांब."

"वाजतेय, अण्णा."

"वाजू दे. अकरा सेकंदांत कुठे पोचणार आहेस तू आता?"

मी थांबते. घंटा वाजतच राहते आणि फरशीची माती होते, उन्हात तापलेली, चपलेतून चटका देणारी. हे माझ्या शाळेचं पटांगण आहे. मुली दप्तरं सावरत फाटकाकडे पळत सुटल्या आहेत. अण्णा पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले आहेत, मला न्यायला आल्यासारखे. सायकल टाकीला टेकवलेली आहे. मी त्यांच्याजवळ बसते. कट्टा गरम आहे.

"मी ती ऐकली होती," मी म्हणते.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, डॉक्टरांना नाही. अण्णा गेले त्या पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी बटण दाबलं गेलं, दोन सेकंद. फोनमध्ये नोंद आहे. मी अण्णांच्या खोलीत पोचले तेव्हा पाच एकतीस झाले होते. मधल्या एकोणीस मिनिटांत मी झोपले होते, आणि झोपेत घंटा ऐकली होती, आणि मला वाटलं होतं की शाळा सुटली. मी याच पटांगणातून पळत होते. हे सगळं मी अण्णांना सांगते. आणि मग सगळ्यांत वाईट गोष्ट सांगते.

"मला आनंद झाला होता, अण्णा."

ते पायांकडे बघत असतात.

"सुटली तर सुटली शाळा," ते म्हणतात. "पोरं पळणारच."

"एकोणीस मिनिटं."

"दिल्लीचा ट्रंक कॉल बुक केला की लोक चार चार तास आमच्या बाकड्यावर बसायचे. मला कधी कोणी बोल लावला नाही."

"थट्टा करू नका."

"मग काय करू? रागावू?"

मी त्यांचा हात धरत नाही. धरला तर काय होईल ते मला माहीत आहे. मी विचारते ते सात महिने साठवलेलं आहे.

"तुम्ही बटण कशाला दाबलं होतं? काय हवं होतं?"

अण्णा माझ्याकडे बघतात. चष्म्याच्या डाव्या काचेला तो जुना चरा आहे. एवढं मला दिसतं आहे, आणि तरी मला कळतं आहे की मला ठाऊक नसलेली एकही गोष्ट हा माणूस मला सांगू शकत नाही.

"ते तुला माहीत नाही ना," ते अगदी हळू म्हणतात. "म्हणून मलाही नाही, बाळ."

घंटा वाजतेच आहे. पटांगण रिकामं झालं आहे. फाटकापाशी एक्स्चेंजची एकच लोखंडी रांग उन्हात उभी आहे आणि तिच्यावर एक दिवा लागलेला आहे. अण्णा उठून तिच्यापाशी जातात. कामावर रोज संध्याकाळी ते असेच रांगांमधून फिरायचे, कोणी बोलत नसताना पेटलेले दिवे शोधत. बोलणं संपलं तरी ज्याने फोन लावला त्याने रिसिव्हर नीट ठेवला नाही, की मधलं सगळं अडकून राहायचं. दुसऱ्या कोणी फोन उचलला तर त्याला टोन मिळायचा नाही. मी आठवीत असताना त्यांनी मला हे हॉलमध्ये नेऊन दाखवलं होतं.

"ही कोणाची लाइन?" ते विचारतात.

"तुमची."

"नीट बघ, उजू. मी तर केव्हाच फोन ठेवला. हा कॉल तू लावलेला आहेस. लावणाऱ्याने ठेवल्याशिवाय सुटत नाही."

"ठेवला तर तुम्ही..."

अण्णा दिव्याखाली बोट ठेवून उभे आहेत. हात लावून ते स्वतः लाइन सोडवू शकतात, कामावर सोडवायचेच. ते सोडवत नाहीत.

"खाली कोणीतरी कानाला रिसिव्हर लावून बसलंय," ते म्हणतात. "त्याला किती उशीर चालेल?"

मी उत्तर देणार असते. तोंड उघडते. ऊन वाढत जातं, घंटा वाजत राहते, आणि अण्णांचा पांढरा शर्ट उन्हातून वेगळा दिसेनासा होतो.

डोळे उघडतात तेव्हा पंखा फिरतो आहे. वीज आली आहे. घंटा अजून वाजते आहे, पॅसेजपलीकडे, माझ्या खोलीत. मी उठायला जाते, पाय खाली टाकते, आणि मग मला माझा उजवा हात दिसतो. बटण मुठीत आहे आणि माझाच अंगठा त्याच्यावर रुतलेला आहे. बोटं एकेक करून उघडावी लागतात. घंटा थांबते.

तळव्यावर लाल गोल वळ उठला आहे. मी फोन बघते. दुपारी तीन सत्तेचाळीसला दाबलं, तीन एक्कावन्नला सोडलं. चार मिनिटं घंटा वाजली आणि मी उठले नाही. दारं उघडी होती. मी दोन्ही नोंदी शेजारी शेजारी बघते, त्या पहाटेची दोन सेकंदांची आणि आजची. खोली वेगळी, वेळ वेगळी. अशा दोन आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही. त्यांना काय हवं होतं, पाणी की उशी की नुसती मी, हे मला कधीच कळणार नाही. एकोणीस मिनिटं एकोणीसच राहतात. बराच वेळ मी तोंडावर पदर धरून बसते.

मशीन बंद करायचं राहिलं होतं. वीज येताच ते आपोआप सुरू झालं आहे. नळीचं टोक जमिनीवर पडलं आहे आणि त्यातून सूं सूं करत ऑक्सिजन येतो आहे. फरशीवरची धूळ त्याने तेवढ्या जागी बाजूला झाली आहे.

मी वाकून ते बंद करते. तेव्हा कुठे खालचा आवाज ऐकू येतो. भाड्याच्या मशीनचा इशारा, टीं टीं टीं, मध्ये एकेक सेकंद. वीज आली तरी ते सुरू झालेलं नाही. कौसरभाभी कोणाला तरी फोनवर पुन्हा पुन्हा सांगताहेत की हो, बटण दाबून बघितलं, दोनदा बघितलं.

मी प्लग काढते. नळी गुंडाळते. मशीनला चाकं आहेत, उंबऱ्यावर ते जरा अडखळतं. जिन्याच्या तोंडाशी येऊन मी हाक मारते. भाभी फोन कानाला तसाच धरून दारात येतात आणि मान वर करून बघतात.

"भाभी," मी म्हणते. मशीन पहिल्या पायरीच्या कडेला आणते. "भाभी, चाचांसाठी मशीन आणतेय. अण्णांना आता हे लागणार नाही."