किसनकाकांची लाखोरी आणि माझे तीन बचाव

खरं तर हे कुणाला सांगायचं नाही, असं आईनं गळ्याची शपथ घालून बजावलंय. पण असली फजिती किती दिवस पोटात ठेवायची, तुम्हीच सांगा!

मी म्हणजे हजेरीला "हजर" म्हणतानाही बाकाखाली बघणारी मुलगी. त्यात बाबांची तंबी, "पुस्तक वाचत बकरी चारते! चंपी अजून एकदा कोंडवाड्यात गेली, तं तुही शाळा बंद."

त्या दिवशी धड्यातून मान वर केली, तर चंपी गायब! आणि शेजारी किसनकाकांच्या लाखोरीत, म्हणजे लाख डाळीच्या पिकात, एक तांबडी बकरी मजेत चरतेय. पाठीवर दिवाळीतल्या गायगोधनाच्या सणाला उमटवलेला गेरूचा पंजा. माझाच पंजा, ओळखणार नाही का मी? काट्यांच्या कुंपणातून शिरले, बकरीचं शिंग धरलं आणि काकांनी मला धरलं.

"कोणाले इचारून आली वं वावरात? चाल पाटलापाशी! बकरी कोंडवाड्यात!"

पारावर अर्धा गाव, त्यात बाबाही. माझी शाळा आता गेलीच! तेवढ्यात मामा आठवले. ते भंडाऱ्याला वकिलाकडे कारकून आहेत. आमच्याकडे आले की जेवताना कोर्टच भरतं.

"पाटीलबाबा, दुसऱ्याच्या वावरात शिरलं तरी तीन कारणं चालतात," मी बोलले. चक्क मी! "एक, परवानगी. काका दिवाळीले म्हणले होते, पोरी, आपलंच वावर समज."

"अवं, तसं तं मी समद्यायलेच म्हणतो!"

"मंग समद्यायलेच परवानगी हाये!"

पार खदखदला.

"दोन, गरज. मी बाहेरच थांबली असती, तं बकरीनं सारी लाखोरी साफ केली असती. म्या तुमचं पीक वाचवलं, काका! तीन, आपलीच वस्तू आणाले गेली. एक काटा मोडला नाही."

"आन बकरीनं खाल्लं ते?"

"कुंपणाले केवढं भोक हाये, दाखवू का?"

पाटील मिशीत हसले. "किसना, हारला तू. ने वं पोरी, तुही बकरी."

बाबांची छाती अशी फुगली! शाळा वाचली! बकरी घेऊन मी ऐटीत अंगणात शिरले, आणि समोर चंपी. खुंट्याला बांधलेली, रवंथ करत.

"हे तं मी मघाशीच आणून बांधली," आई म्हणाली. "तू कोणाची आणली वं?"

तेव्हा आठवलं. उरलेला गेरू किसनकाकांच्या घरी द्यायला गेले होते, तेव्हा काकूंच्या बकरीवरही मीच हौसेनं पंजा उमटवला होता! म्हणजे काकांची बकरी मी काकांच्याच वावरातून पळवली होती, तीही पाटलांच्या निकालानं! काका कधी बकऱ्यांकडे बघत नाहीत म्हणून त्यांनी ओळखली नाही, नाहीतर...

चौथा बचाव सुचेना. मान खाली घालून बकरी परत नेली. तोंड उघडायच्या आत काकू आनंदानं ओरडल्या, "सापडली वं बाई! कवाची धुंडून राहिली मी!"

काकांनी पाठ थोपटली. "एका दिवसात दोन बकऱ्या धुंडल्या पोरीनं!"

पुढं मामांना विचारलं, तर म्हणाले, चुकून झालं, हे कारण कोर्टात चालत नाही. आता काकांना एवढंच कळता कामा नये, की त्या दिवशी पारावर जी बकरी होती ती...

तेवढ्यात आईनं हाक मारली, "शालू! अवं, किसनकाका आले! त्याइची बकरी पाटलाच्या वावरात सापडली. वकीलबाईलेच धाडा म्हणून राहिले!"