सावली दिलेला माणूस

आमच्या धंद्यात मेलेल्या माणसाला सावली देत नाहीत. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण नेवाशात फोटोचं दुकान टाकल्यापासून मी तो पाळत आले. लग्नाच्या फोटोत वारलेले वडील घालून द्या म्हणून लोक येतात. त्यांना वर कोपऱ्यात ढगात बसवायचं, हार घालायचा, झालं काम. जमिनीवर उभं केलं की सावली द्यावी लागते, आणि सावली दिली की माणूस खरंच आल्यासारखा वाटतो. कशाला नसती बिलामत!

तर आमच्याच गल्लीतल्या एक वहिनी लेकीच्या लग्नाचा फोटो घेऊन दुकानात आल्या. लेक दोन वर्षांची असताना त्यांचा नवरा कामाला म्हणून घरातून निघाला तो परत आलाच नाही. तेव्हापासून कुठे बेवारस प्रेत सापडलं की पोलीस ठाण्यातून फोन यायचा, आणि ही बाई संगमनेर म्हणू नका, नगर म्हणू नका, एसटीनं जाऊन बघून यायची. दर वेळी दुसराच कुणीतरी निघायचा. सोबत त्यांचा दीर होता. तो म्हणाला, ढगात बसवा, हार घाला, आता काय राहिलंय. वहिनींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ताई, हार न्हाई घालायचा. लेकीच्या मागं उभं करा. जमिनीवर."

मला नाही म्हणवेना. ज्याचं जळतं त्याला कळतं, मी कोण शहाणपण शिकवणार?

काम मोठं किचकट होतं. लग्नाचा फोटो कार्यालयाबाहेर दुपार कलताना काढलेला, ऊन उजवीकडून, सगळ्यांच्या सावल्या सतरंजीवर डावीकडे लांबलेल्या. नवऱ्याचा फोटो मात्र जुन्या स्टुडिओतला, समोरून लाइट मारलेला, तोंड ताटासारखं सपाट. आधी कॉम्प्युटरवर फोटोत डावीकडे येणारा त्याचा गाल, नाकाची बाजू, हनुवटीखालचा गळा काळवंडून घेतला. मग त्याचीच एक काळी प्रत काढून आडवी पाडली. पण नुसता काळा डाग ओतला तर माणूस चिकटवलेला दिसतो. सावली पायाशी गडद आणि रेखीव लागते, पुढे जाईल तशी फिकी, पुसट. सतरंजीचा लाल रंग तिच्यातून दिसायला हवा. तो लेकीच्या मागं जरा उजवीकडे उभा, म्हणून तिच्या शालूवर ती चढत होती, तिथे मी ती चुण्यांप्रमाणे मोडून घेतली. शेवटी टाचांखाली बारीक काळी रेघ ओढली. तोवर तो कागदाचा होता. आता तो त्या सतरंजीवर भार देऊन उभा होता, आणि त्याची सावली लेकीच्या अंगाला टेकली होती. भर दुपारी मला दुकानात एकटीला बसवेना. मी उठून समोरच्या रसवंतीच्या बाकड्यावर जाऊन बसले.

वहिनींनी फोटो हातात घेतला तेव्हा त्याच्या तोंडावरून नाही, सावलीवरून बोट फिरवलं. आले, एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

काही महिन्यांनी त्यांची लेक सासरहून थेट माझ्या दुकानात आली. तोंड पांढरंफटक. प्रवरा नदीत प्रेत सापडलं म्हणून आईला फोन आला होता, आणि आईनं सांगितलं होतं की आमचे हे घरी आहेत, मी कशाला येऊ? आईचं डोकं फिरलं, तुम्हीच चला आणि तो फोटो बनवलेला आहे म्हणून सांगा, असं ती रडत म्हणाली. मला खरं तर भीती वाटत होती, तरी गेले. फोटो दाराच्या बरोबर समोर लावलेला. उंबऱ्यात पाय ठेवला की तो आपल्याकडेच बघतो. मी म्हटलं, वहिनी, तो फोटो मी जुळवलाय, सावलीसकट. त्या चहा गाळत होत्या, गाळता गाळताच बोलल्या.

"म्हाईत हाय, ताई. मी येडी न्हाई. लोकांची मढी बघून बघून जीव इटला माझा. आता ते तिथं उभे हायेत, तर ऱ्हाऊ द्या." मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "तुला जायचं तर जा. तेच असले तर अग्नी दे. मला सांगू नको."

लेकीला बापाचं तोंडही आठवत नव्हतं. ओळख पटवायला तिनं काकाला बरोबर नेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती परत आली ती सरळ मागच्या नळावर जाऊन डोक्यावरून अंघोळीला बसली. आईनं काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. मढं बघून आलेला माणूस, परक्याचं असलं तरी, अंघोळ करतोच. त्यामुळे मलाही काही कळेना, आणि विचारायची छाती होईना.

लग्न झालेल्या लेकीला बापाचं सुतक तीन दिवस, त्यात देवाला हात लावायचा नाही. ती तीन दिवस आईकडेच राहिली. मी तिन्हीसांजेला भाकरी घेऊन जायचे. घरात अंधारून आलेलं असायचं, भिंतीवर तो उभा असायचा, आणि लेक देवाला दिवा लावत नव्हती. वहिनींचं कुंकू कपाळावर रोजच्यासारखं ठळक होतं. पण देवापुढे दिवा त्यांनीही लावला नाही.